माळ कुणी काढली? एका गृहभेटीचं प्रकरण आणि आमचं फसलेलं प्रशिक्षण

आमच्या फाइलच्या दुसऱ्या पानावर एक रकाना आहे: 'आध्यात्मिक गरजा'. आबांच्या फाइलमध्ये तिथं तीन भेटींत तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं सापडलं. पहिल्यांदा 'हिंदू'. मग 'काही नाही'. तिसऱ्यांदा 'रुग्ण धार्मिक आहे, सकारात्मक'. हे तिसरं वाक्य आमच्या प्रशिक्षणानंतर नऊ दिवसांनी लिहिलं गेलं. म्हणजे प्रशिक्षणाचा उपयोग झाला असं म्हणायला हरकत नव्हती.

मी नवी मुंबईत घरोघर जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी काळजी, देणाऱ्या एका छोट्या टीममध्ये समाजसेवक आहे. डॉक्टर एक, सिस्टर दोन, गाडीचे चालक एक आणि मी. बेलापूरपासून दिघ्यापर्यंत आमचा पट्टा. ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत. जे घडलं त्याचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण चूक त्या क्रमातच होती.

आबा आणि मावशी

आबा एकसष्ट वर्षांचे. मूळ पाटण तालुक्यातले. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. सगळी उमर पाठीवर पोती. घर कोपरखैरण्यात, सिडकोची मूळ बैठी खोली आणि त्यावर मुलानं चढवलेले दोन मजले. जिना इतका अरुंद की आमची बॅग आडवी करूनच वर न्यावी लागे. त्यामुळे आबा खालच्याच खोलीत, दाराजवळच्या खाटेवर. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघूनच पुढे जाई.

गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. ऑपरेशन झालं होतं, लाईट (रेडिएशन) देऊन झाली होती. आठ महिन्यांत पुन्हा उठला. डाव्या गालाला आरपार भोक पडलेलं, मानेवर लिंबाएवढी गाठ, नाकातून पोटात नळी. बोलणं अर्धं कळायचं, अर्धं अंदाजानं. नातीची पाटी उशाशी ठेवलेली असे, फारच अडलं तर त्यावर लिहायचे. चौथी शिकलेले, अक्षर टपोरं.

माळकरी होते. तिसाव्या वर्षी गावाकडच्या वारकरी फडावर माळ घातली, तेव्हा मटण आणि दारू एका दिवसात सुटली. तंबाखू सोडायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. रात्रपाळीत ट्रक खाली करताना झोप येऊ नये म्हणून गालात धरलेली ती चिमूट पुढची तीस वर्षं तिथंच राहिली. (हे मी फार वेळा पाहिलंय. ज्यानं नेमानं एकादशी केली, त्याच्याच गालात गाठ. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आबांच्या गळ्यात माळ नव्हती. सिस्टरनं नोंद केली: 'मानेवर गाठ, ड्रेसिंगसाठी माळ काढली.' कुणाला विचारून लिहिलं? कुणालाच नाही. दिसलं, सुचलं, लिहिलं.

औषध नको

पहिल्या भेटीत जखमेच्या वासाचं बघितलं. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर भुरभुरायला शिकवली, तीन दिवसांत वास निम्म्यावर आला आणि वरच्या मजल्यावरची सून खाली येऊन बसायला लागली. दुखणं मात्र तसंच. बोटं दाखवून सांगायचे: दहापैकी आठ.

डॉक्टरांनी मॉर्फिन, म्हणजे जबर दुखण्यावरचं अफूपासूनचं औषध, लिहून दिलं. सुरुवात अर्ध्या गोळीनं, म्हणजे 5 मिलिग्रॅम, दर चार तासांनी. गोळी कुटून पाण्यात कालवून नळीतून द्यायची आणि वर पाणी सोडायचं. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे दोन वाजता उठवायला नको. सोबत पोट साफ होण्याचं औषध. मॉर्फिन मिळण्याची आपल्याकडची अडचण जुनी आहे. 1985च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं जंगल इतकं वाढलं की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच बंद केलं. 2014मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं जरा सोपं झालं. थोडक्यात, जी गोळी मिळवायला एका पिढीला झगडावं लागलं, ती आता आबांच्या उशाशी डब्यात होती आणि आबा ती घेत नव्हते.

दुसऱ्या भेटीत गोळ्या मोजल्या. एकही कमी झाली नव्हती.

"राहू द्या," आबा म्हणाले. "भोग हाय. भोगून संपवायचा."

डॉक्टरांनी व्यसन लागत नाही हे समजावलं. हे औषध म्हणजे शेवट जवळ आला असं नसतं, हेही समजावलं. श्वास बंद पडत नाही, मात्रा आम्ही मोजून देतो, सगळं सांगितलं. आबांनी मान हलवली. तिसऱ्या भेटीतही गोळ्या तितक्याच.

आमचं पहिलं प्रशिक्षण

याच सुमाराला आमचं 'आध्यात्मिक काळजी' या विषयावरचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. आयोजन माझ्याकडे होतं, त्यामुळे दोषही माझाच.

विषय महत्त्वाचा आहे हे मला पाठ होतं. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या. 1967मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेणारं रुग्णालय, उघडलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं चार बाजूंचं असतं, शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि आत्म्याचं, हे त्यांनी मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002च्या व्याख्येतही शारीरिक आणि मानसिक-सामाजिक प्रश्नांच्या पंक्तीला आध्यात्मिक प्रश्न आहेत. हे सगळं मी स्लाइडवर घातलं. पण त्यानंतर मी मराठी माणूस सहज करतो तेच केलं. 'स्पिरिच्युॲलिटी'साठी 'अध्यात्म' हा शब्द वापरला आणि अध्यात्मावर बोलायला अध्यात्मावर बोलणारा माणूस बोलावला.

वक्ते चांगले होते. तीन तास देह, आत्मा, कर्म, अनासक्ती. टाळ्या पडल्या. दुपारी पुलाव. शेवटी एक प्रश्नपत्रिका, त्यात 'अध्यात्म म्हणजे काय?' याला पाच गुण. सगळ्यांना प्रमाणपत्रं. अभिप्रायाच्या कागदांवर सगळीकडे 'अतिशय प्रेरणादायी'.

आपल्या भाषेत 'अध्यात्म' म्हटलं की समोर पाट, समई आणि बोलणारा एक माणूस उभा राहतो. बाकीचे ऐकतात. आमच्या सिस्टर त्या दिवशी नेमकं हेच शिकून बाहेर पडल्या: अध्यात्म म्हणजे दुखावलेल्या माणसाला काहीतरी चांगलं सांगायचं. खरं तर त्यांना बरोबर उलटं शिकवायला हवं होतं.

प्रशिक्षणात एक परदेशी प्रश्नावलीही वाटली होती. क्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी 1996 साली तयार केलेली. तिचे चार धागे आहेत: माणसाची श्रद्धा, तिचं त्याच्या आयुष्यातलं वजन, सोबतीची माणसं, आणि या सगळ्याची दखल उपचारात कशी घ्यायची. साधन उत्तम आहे. पण मी ते आदल्या रात्री शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं. पहिला प्रश्न झाला 'तुमची श्रद्धा काय आहे?' त्यावर आबांचं उत्तर होतं, "हिंदू मराठा." सिस्टरनं 'हिंदू' लिहिलं. दोघांचीही काही चूक नव्हती.

नळाखाली विचारलेला प्रश्न

चौथी भेट. सिस्टर ड्रेसिंग करून मोरीत हात धुवायला गेल्या. मावशी, म्हणजे आबांची बायको, तिथं नळीची सिरिंज धूत होत्या. सिस्टरकडे न बघता त्या म्हणाल्या:

"सिस्टर, एखाद्याचा नेम दुसऱ्यानं मोडला, तर भोग कुणाला लागतो?"

सिस्टरच्या डोक्यात प्रशिक्षण ताजं होतं. त्या म्हणाल्या, "मावशी, असा नकारात्मक विचार करायचा नाही. देव सगळं बघतो. तो सगळं माफ करतो."

"व्हय," मावशी म्हणाल्या आणि नळ मोठा केला.

त्या दिवशी रकान्यात 'रुग्ण धार्मिक आहे, सकारात्मक' लिहिलं गेलं. पुढच्या तीन भेटींत आम्ही गेलो की मावशी वरच्या मजल्यावर जायच्या. औषधं मुलगा समजून घ्यायचा.

हा संवाद मी त्यानंतर बऱ्याच प्रशिक्षणांत वाचून दाखवला आहे. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यात काहीच चुकीचं दिसत नाही. प्रेमानं धीरच तर दिला, असं म्हणतात. म्हणून जरा थांबून बघू.

मावशींनी 'माझा', 'त्यांचा' असं म्हटलं नाही. 'एखाद्याचा', 'दुसऱ्यानं' म्हटलं. आपल्याकडची बाई मनातली सगळ्यात जड गोष्ट अशीच तिऱ्हाइताच्या अंगावर घालून बाहेर काढते. समोरच्याचा हात कितपत धरवतो ते आधी चाचपते. ती जागाही बघा: खोलीत नाही, नवऱ्यासमोर नाही, मोरीत, पाण्याच्या आवाजात. सिस्टरनं 'देव माफ करतो' म्हटलं तेव्हा गुन्हा घडलाय हे तिनं गृहीत धरलं, गुन्हा कोणता हे न विचारता. 'नकारात्मक' म्हटलं तेव्हा तो प्रश्न विचारणंच चुकीचं आहे असं सांगितलं. आणि मावशींनी विचारलं होतं कुणाला लागतो. त्याचं उत्तर आलंच नाही.

सिस्टरला हे त्याच दिवशी कळलं नाही. शुक्रवारच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "मावशी मला टाळतायत. मी काहीतरी केलंय, पण काय ते कळत नाही." आमच्या सगळ्या प्रशिक्षणापेक्षा हे वाक्य मोलाचं होतं, हे मला नंतर उमगलं. तेव्हा मी नुसतं 'हं' केलं.

चालकांनी एक गोष्ट सांगितली. ते कराडकडचे, आबांशी गावाकडचं बोलत बसायचे. त्यांनी आबांना सहज म्हटलं होतं, "आबा, माळ घाला की परत. सैल दोऱ्यात ओवून आणू का?" आबा भिंतीकडे तोंड करून झोपले. मग कुणी तो विषय काढला नाही.

डॉक्टर वैतागले होते. "दहापैकी आठ दुखणाऱ्या माणसाशी अध्यात्म काय बोलता? आधी दुखणं उतरवा." ते बरोबर होते आणि अडकलेलेही होते, कारण दुखणं उतरवायचं औषध ज्या कारणानं नाकारलं जात होतं, ते कारण औषधाच्या डब्यात नव्हतं.

परत जाऊन बसणं

सिस्टरनं जे केलं ते कुठल्या स्लाइडवर नव्हतं. एके दुपारी त्या ड्रेसिंगचा वार नसताना, बॅग न घेता गेल्या. मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, त्या दिवशी तुम्ही एक विचारलं होतं. मी घाईत काहीतरी उत्तर देऊन टाकलं. ते मला नीट ऐकायचंय." आणि ताटातले खडे वेचायला बसल्या.

बराच वेळ कुणी बोललं नाही. सिस्टर सांगतात, तीनदा तोंडाशी शब्द आले आणि तीनदा त्यांनी तांदळाकडे बघितलं.

मग मावशी बोलल्या. लाईट चालू असताना रुग्णालयातून आहाराचा कागद मिळाला होता. इंग्रजीत. मुलानं वाचून दाखवला: उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, दिवसाला दोन, मिक्सरमधून काढून दुधाबरोबर नळीतून. वजन उतरत राहिलं तर लाईट थांबवावी लागेल असंही सांगितलं होतं. कागद देणाऱ्यांनी 'तुम्ही काय खात नाही?' असं विचारलं नव्हतं, आणि यांनीही 'आमच्यात चालत नाही' असं सांगितलं नव्हतं. ज्या घरात तीस वर्षं अंडं आलं नव्हतं, तिथं मावशी दुसऱ्या सेक्टरमधून अंडी आणायच्या. टरफलं पेपरात बांधून तिकडच्याच कचरापेटीत टाकायच्या. मिक्सरचं भांडं वेगळं. आबांना सांगितलं नाही. जिभेला लागणार नव्हतं, म्हणून चालेल असं वाटलं. साडेचार महिने.

"जिभेला न्हाई लागलं," मावशी म्हणाल्या, "पर पोटात गेलंच की. आन् आता हे असं. माझ्यापायी भोगत्यात."

सिस्टर काही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं एवढंच विचारलं, "त्यांना सांगावं असं वाटतं का तुम्हाला?"

"न सांगता गेले तर तसंच जातील. सांगितलं तर मला टाकून जातील."

टीममधला वाद

पुढची बैठक अडीच तास चालली. चालकांचं म्हणणं, गावाकडच्या फडावरच्या कुणा जाणत्याला फोन लावू, तो सांगेल काही दोष नाही. डॉक्टरांचं म्हणणं, नवरा-बायकोत असं गुपित असणं हाच आजार आहे, मावशींना सांगायला तयार करा. माझं मत अगदी उलटं होतं. आयुष्याचे पंधरावीस दिवस राहिलेल्या माणसाला हे ऐकवून काय साधणार? त्याच्या शांतीपायी मावशींनी थोडं ओझं उचलावं. आज हे लिहिताना मला त्या मताची लाज वाटते. ते चुकीचं निघालं म्हणून नाही, तर ओझं कुणी उचलायचं हे मी परस्पर ठरवून मोकळा झालो होतो म्हणून.

सिस्टर म्हणाल्या, "हे माझं गुपित नाही. तुमचं तर नाहीच. मी फक्त जात राहते."

फाइलमध्ये लिहायचं की नाही यावरही वाद झाला. फाइल मुलगा वाचतो, सून वाचते. शेवटी लिहिलं नाही.

जात राहण्यात एक गोष्ट हाती लागली, आणि ती अध्यात्माची होती की औषधशास्त्राची हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सिस्टरनं श्रद्धेचा प्रश्न सोडून दिला आणि आबांना विचारलं, "आबा, तुम्ही भोग म्हणता. कसला ते मला समजत नाही. सांगाल?" आबांनी पाटीवर एकच शब्द लिहिला: 'माझा'. आणि लगेच पुसला. मग सिस्टरनं विचारलं, "दिवसातली कुठली वेळ बरी जाते?" तर आबा म्हणाले, संध्याकाळी सात. वसाहतीतलं भजनी मंडळ हरिपाठाला बसतं, खिडकीतून ऐकू येतं. ओठ हलत नाहीत पण मनात म्हणतात. ते औषध घेतलं आणि गुंगी आली, तर तेही जाईल.

गोळी न घेण्याचं हे दुसरं कारण. इतक्या भेटींत आम्हाला कळलं नव्हतं, आणि यावर मात्र डॉक्टरांकडे सरळ उत्तर होतं. मॉर्फिनची सुरुवातीची गुंगी बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. सहाची मात्रा पहिले काही दिवस साडेसातला, हरिपाठ उरकल्यावर द्यायची. बघा, जमलं तर ठेवा, नाहीतर बंद करू. आबांनी त्या रात्रीपासून घ्यायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी बोटं आठावरून चारावर आली. सात वाजता जागे होते.

'भोग' या शब्दाला त्यांनी हात लावू दिला नव्हता. फक्त गोळीला वाट करून दिली होती. आम्हाला तेवढं पुरे होतं.

ढेकर

मावशींनी सांगितलं तेव्हा आमच्यापैकी कुणी तिथं नव्हतं. रात्री दहाची गोळी देताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. सिस्टरला हे दोन दिवसांनी त्यांच्याच तोंडून कळलं.

आबांनी नाकातल्या नळीकडे बोट केलं, मग पाटी मागितली. लिहिलं: 'ढेकर.'

नळीतून गेलेलं जिभेला लागत नाही, पण ढेकर वर येते. अंड्याची ढेकर तीस वर्षांनीही ओळखू येते. त्यांना तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. माळ त्यांनी त्याच रात्री स्वतः काढली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. मानेवर गाठ तेव्हा नव्हतीच, ती पुढं सहा महिन्यांनी आली. आमच्या फाइलमधली नोंद साफ चुकीची होती.

मावशींनी विचारलं, मग बोलला का न्हाई? थांबवलं का न्हाई?

पाटीवर: 'जगायचं होतं.'

म्हणजे 'माझा' याचा अर्थ हा होता. बायकोनं नेम मोडला म्हणून ते भोगत नव्हते. आपल्याला कळलं आणि आपण मोडू दिला, रोज दोनदा, साडेचार महिने, जगण्याच्या लोभानं. आणि तरीही आजार परत आला. मावशी स्वतःचा भोग म्हणत होत्या, आबा स्वतःचा. एकाच खोलीत, एकाच अंड्याभोवती, दोघंही एकमेकांना त्यातून वगळत होते.

ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात रुग्णालयांत बसून मरणासन्न माणसं आणि त्यांच्या भोवतालचे लोक यांचं निरीक्षण केलं. दोन्ही बाजूंना माहीत असतं आणि दोन्ही बाजू माहीत नसल्याचं सोंग वठवतात, हा एक प्रकार त्यांनी नोंदवला. ते मृत्यूच्या जाणिवेबद्दल बोलत होते. इथं मरणाबद्दल दोघंही उघड बोलत होते, अंत्यविधी गावाला की इथं हेसुद्धा ठरलेलं. सोंग होतं ते अंड्याचं.

आणि चालकांच्या सूचनेप्रमाणे आम्ही जाणत्या माणसाला फोन लावून 'काही दोष नाही' वदवून घेतलं असतं, तर ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर झालं असतं? मावशींच्या. आबांच्या प्रश्नाची तर कुणाला कल्पनाच नव्हती.

पुढं

अंड्याचा जुना कागद गेला. आमच्या ओळखीच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दूध पावडर, सोयाबीनचं पीठ, नाचणी आणि डाळीचं पाणी असा नवा कागद मराठीत करून दिला. आषाढी एकादशी आली तेव्हा आबांनी उपास करायचा म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "करू द्या." त्या दिवशी नळीतून राजगिऱ्याची पातळ पेज आणि दूध. टीव्हीवर पंढरपूर. दुखणं तीन.

त्यानंतर अकरा दिवसांनी आबा गेले. पहाटे, घरीच. मंडळाचे लोक आले, टाळ घेऊन, तुळशीचं पान घेऊन. कुणीतरी पेटीतली माळ आणली. मावशी म्हणाल्या, "ती नको. त्यांनी काढली होती." मंडळातल्यांना ते आवडलं नाही. मुलानंही समजावून बघितलं. मावशी हलल्या नाहीत.

हे ऐकून आमच्या नव्या सिस्टरनं विचारलं, "मग त्यांना शांती नाही ना मिळाली?" बैठकीत यावर कुणी काही बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, दुखणं तीनवर होतं. ते हट्टानं तेवढंच म्हणत राहिले.

दुसरं प्रशिक्षण

यानंतर आम्ही प्रशिक्षण नव्यानं बांधलं. एका दिवसाचं नाही, पंधरवड्याला दोन तास, सहा वेळा. वक्ता नाही. चालकांसकट सगळी टीम. युरोपातल्या पॅलिएटिव्ह केअर संघटनेनं 2020मध्ये अशा शिक्षणाबद्दल एक श्वेतपत्रिका काढली आहे. सगळ्या शाखांच्या लोकांना एकत्र शिकवा आणि सुरुवात शिकणाऱ्याच्या स्वतःच्या आतल्या चाचपणीपासून करा, हा त्यातला भाग आम्ही उचलला. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्याला जपाव्याशा वाटणाऱ्या पाच गोष्टी चिठ्ठ्यांवर लिहिल्या. मग एकेक चिठ्ठी परत द्यायची. तिसऱ्या चिठ्ठीला डॉक्टर खोलीबाहेर गेले. चौथ्या सत्रात नुसतं ऐकणं: जोडी करून बसायचं, एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं 'हो ना', 'बरोबर', 'काळजी करू नका' यातलं काहीही म्हणायचं नाही. तीन मिनिटं फार असतात. पहिल्या फेरीत एकालाही जमलं नाही.

प्रश्नांची भाषा बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'श्रद्धा' गेली. 'आध्यात्मिक' गेला. 'आजवर अवघड वेळी कशाच्या जोरावर निभावलंत?', 'मनात काही अडकून राहिलंय का?', 'कुठली वेळ बरी जाते?' असे प्रश्न आले. 'देव' हा शब्द आपण आधी काढायचा नाही, समोरच्यानं काढला तर त्याच्या मागोमाग जायचं. हे ठरवताना ऐरोलीतल्या एका बौद्ध कुटुंबातली भेट सगळ्यांना आठवत होती. आमच्यातल्या एकानं आजींना 'देवाचं नाव घ्या' म्हटलं आणि आजींनी शांतपणे विचारलं होतं, "कुठल्या?"

डॉक्टरांनी दोन गोष्टी हट्टानं घालून घेतल्या, आणि त्या बरोबर आहेत. दुखणं आठ असताना हे प्रश्न विचारायचे नाहीत, ते उतरवायच्या वाटेत अडसर असेल तेवढ्यापुरतेच विचारायचे. आणि 'आता जगून काय करायचं' असं कुणी म्हटलं, तर त्याला सरसकट आध्यात्मिक वेदना म्हणून कुरवाळायचं नाही. ते नैराश्य असू शकतं, त्याला औषध असतं.

रकाना काढून टाकावा की ठेवावा यावर आमचं एकमत झालं नाही, म्हणून तो आहे तसा आहे. शेवटच्या सत्रात आम्ही आबांची फाइल बंद करायला घेतली. मुलाला विचारलं होतं. फाइल आता आमच्याच कपाटात राहणार होती. सिस्टरनं 'ड्रेसिंगसाठी माळ काढली' या नोंदीवर एक रेघ मारली, तारीख घातली, आणि खाली लिहिलं:

'माळ स्वतः काढली. कारण घरात दोघांनाही माहीत आहे. शोकभेटीत विचारू नये.'